बाबांच्या वहीतल्या वॅगनी

डिझेलने भरलेल्या पन्नास टाक्यांची मालगाडी तुमच्यासमोरून एका मिनिटात निघून जाते, तेव्हा त्या मिनिटापुरता तिच्यातून एकवीस लाख मेगावॅट इतका ऊर्जेचा ओघ वाहत असतो. देशातली झाडून सगळी वीजकेंद्रं एकत्र केली तरी एवढी होत नाहीत. हा आकडा मी कागदावर काढला तेव्हा माझी छाती इतकी फुगली, की संध्याकाळी दादरच्या ऑफिसातून माटुंग्याला घरी जायच्या ऐवजी मी तडक लालबागला बाबांकडे गेले. नवऱ्याला सांगून काय उपयोग? तो 'अरे वा' म्हणाला असता आणि परत मॅच बघायला लागला असता. मालगाडी या विषयावर बोलायच्या लायकीचा माणूस आमच्या घराण्यात एकच.

बाबा गोदीच्या रेल्वे यार्डात नंबर टेकर होते. यार्डात मालगाडी आली की तिच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनवर रंगवलेला नंबर वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. पस्तीस वर्षं केलं. कुठली वॅगन कुठे गेली, कुठे अडकली, भरलेली होती की रिकामी, हे पुढे सगळं त्या वहीवरून ठरायचं. 'माझो नंबर कधी चुकलो नाय' हे वाक्य आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आई ते त्यांच्याआधी पूर्ण करायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वॅगनींना अकरा आकडी नंबर आले, तेव्हा सगळं यार्ड वैतागलं होतं, बाबा मात्र खूश. त्या अकरांमध्ये वॅगनची जात असते, ती कोणाच्या मालकीची ते असतं, पाचवा-सहावा आकडा मिळून ती कुठल्या साली बांधली ते असतं. आणि शेवटचा आकडा नुसता पहारेकरी. आधीच्या दहांची ठरलेल्या पद्धतीने बेरीज केली की तो यायलाच पाहिजे. नाही आला, तर नंबर उतरवताना तुम्ही घोटाळा केलात. बाबा ती बेरीज चालता चालता तोंडी करायचे.

मग ते निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. मीसुद्धा फोनवर आणि आठवड्याच्या फेरीत 'जेवलात का, गोळी घेतलीत का' याच्यापुढे जात नव्हते. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

तर मी जाऊन पोचले. चपला काढायच्या आधीच हिशोब सांगायला सुरुवात. एक लिटर डिझेलमध्ये दहा युनिटं ऊर्जा. एका टाकीत सत्तर हजार लिटर, म्हणजे सात लाख युनिटं. पन्नास टाक्यांची साडेतीन कोटी. ती जातात एका मिनिटात. "म्हणजे बाबा, बघा, एकवीस लाख मेगावॅट!"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मगे, गाडी गेल्यार काय?"

"काय म्हणजे? गेली."

"एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत सहा तास रुळार कुत्रे झोपतत. ते सहा तास तुझ्या हिशोबात खंय गेले?"

मी म्हटलं, अहो, ओघ म्हणजे दर सेकंदाला किती. त्यावर ते म्हणाले, "अगो, गॅसवालो दोन मिनिटांत सिलिंडर वर चढवता. म्हणान काय तो दोन मिनिटांत संपता?"

एम.टेक. झालेली बाई, वीस वर्षांचा अनुभव, आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत चारीमुंड्या चीत. दोन गाड्यांमध्ये सहा तास असतील तर साडेतीन कोटी युनिटं सहा तासांवर पसरायची. एकवीस लाखांचे झाले पाच हजार आठशे मेगावॅट. बाबा खदाखदा हसले आणि म्हणाले, "आणि परत जाताना टाकये रिकामे, ते सोड. इंजिनामागे एक रिकामी डमी लावतत, ठिणगी टाकयांपर्यंत जाव नये म्हणान, ती पण सोड. नायतर वारो मोजशीत."

आमच्या ऑफिसला त्या वेळी याच गोष्टीचं काम मिळालं होतं. शहरातून आणि आसपास रेल्वेने किती इंधन जातं, कुठून कुठे जातं, त्याचा जाड-बारीक बाणांचा नकाशा काढायचा. जिथे ओघ मोठा तिथे बाण जाड. गाड्यांची अधिकृत यादी मागवली होती, ती यायला महिना-दीड महिना लागणार होता. साहेब म्हणाले, "मॅडम, तोवर आपण स्वतः दोन आठवडे मोजून बघू. अंदाज तरी येईल. कोणी खात्रीचा माणूस आहे?"

खात्रीचा माणूस! मी तिथल्या तिथे बाबांचं नाव सांगितलं.

बाबांना फोनवर विचारलं, तर आधी पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग म्हणाले, "माका रविवार पण चलात. वही मात्र जाड पुठ्ठ्याची होयी." दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला, आणि वडाळ्याच्या पलीकडे मालगाड्यांच्या रुळांवर जो पादचारी पूल आहे त्याच्यावर जाऊन बसले. बरोबर घडीची खुर्ची. पहिल्या दिवशी मी नेऊन बसवलं. "आता जा गो, माझ्यामागे उभी ऱ्हाव नको," म्हणून त्यांनी मला हाकललं.

ते दोन आठवडे आमच्या घराला सणासारखे गेले. रोज संध्याकाळी फोन. आज किती गाड्या, किती भरलेल्या, किती रिकाम्या, कुठली अडकून पडली. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, तुझे वडील हल्ली जिन्यात शीळ घालतात. माझ्या मुलीलाही आजोबांचे फोन यायला लागले आणि ती बिचारी अभ्यास सोडून डमी वॅगन म्हणजे काय ते ऐकत बसायची. मी एकदा विचारलं, "दमत नाही ना?" तर म्हणाले, "दमलंय होतंय तो घरी बसान."

वही माझ्या हातात आली तेव्हा मी ऑफिसात अक्षरशः मिरवली. वेळ, दिशा, टाक्या किती, भरलेल्या की रिकाम्या, आणि प्रत्येक गाडीतल्या पहिल्या पाच वॅगनींचे नंबर. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं, ओळी जरा तिरक्या, पण एकही रकाना रिकामा नाही. मी नंबर कॉम्प्युटरवर चढवले, शेवटच्या आकड्याची बेरीज तपासायचं सूत्र लावलं, आणि सगळेच्या सगळे जुळले. साहेब म्हणाले, "मॅडम, हाताने घेतलेल्या नोंदीत एकही चूक नाही? मानलं!" मी म्हटलं, "माझे वडील आहेत." आपला तो बाब्या!

मग दुपारी सहज, कसलंही कारण नसताना, मी ते नंबर सालाप्रमाणे लावून बघितले. म्हटलं, किती जुन्या टाक्या धावतात ते अहवालात टाकू, शोभा वाढेल.

वहीतली सगळ्यात नवी टाकी बाबा निवृत्त झाले त्या वर्षी बांधलेली होती. त्यानंतरची एकही नाही.

मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. दोन आठवड्यांत त्या पुलाखालून शेकडो टाक्या गेल्या, आणि गेल्या तेरा-चौदा वर्षांत देशात बांधलेली एकसुद्धा टाकी नेमकी त्या पुलाखालून गेली नाही? शक्यच नाही. म्हणजे बाबांनी नंबर वाचलेच नव्हते. डोक्यातले जुने आठवून लिहिले होते, आणि शेवटच्या आकड्याची बेरीज चोख करून.

मला संताप आला. खोटं कशाला बोलायचं, डोळ्यांत पाणीबिणी नंतर, आधी संतापच. मी यांचं नाव सांगितलं, माझ्या नावावर पहिल्यांदा एकटीचा अहवाल जाणार होता, आणि माझ्या बापाने मला बनावट नंबर दिले! बाबा तेव्हाही पुलावरच होते. मोजणी संपली तरी 'दोन दिवस जास्तीचे' म्हणून दुसरी वही घेऊन जात होते. मी टॅक्सी केली, आणि वडाळ्यापर्यंत मनातल्या मनात त्यांना काय काय सुनवायचं ते घोकत गेले.

पूल चढून मी त्यांच्यापासून तीन हातांवर जाऊन उभी राहिले. कमरेवर हात. बाबांनी मान वळवली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, जरा बाजूला उभ्या राहता का? गाडी येतेय, आवाज अडतो."

बाई. मला. भर दुपारी, लख्ख उन्हात, तीन हातांवरून.

घोकलेलं सगळं मी विसरले. बाजूला झाले. खालून खरंच गाडी येत होती. बाबांनी डोळे मिटले, मान खाली घातली, कठड्याच्या लोखंडावर डावा हात ठेवला, आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर आपटायला लागले. पुलाच्या बरोबर खाली रूळ बदलायचा सांधा आहे. प्रत्येक टाकीची चाकं त्याच्यावरून जाताना दोन-दोनच्या जोडीने खडखडतात. मीही मोजायला लागले, डोळ्यांनी. इंजिन, डमी, मग टाक्या. सगळ्या सारख्या, काळ्याकुट्ट, माझा दोनदा गोंधळ झाला. मध्येच बाबांचं बोट थांबलं आणि ते स्वतःशीच पुटपुटले, "सदतिसावी रिकामी." परत बोट सुरू.

गाडी गेली. मी म्हटलं, "पन्नास. सगळ्या भरलेल्या."

बाबा दचकले. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "तू कधी इलंस?"

"मघाशीच. तुम्ही मला बाई म्हणालात."

त्यांनी वही मिटली, परत उघडली. मग अगदी हळू म्हणाले, "माका दिसणा नाय गो. दोन वर्षां झाली. धुक्यातसून बघल्यासारख्या दिसता. टाकी आसा इतक्याच समाजता."

"आणि नंबर?"

"रकानो रिकामो ठेवून वही मी आजपर्यंत कोणाक दिली नाय."

मी त्यांना पुलावरच बोलले. दिसत नाही तर रस्ता कसा ओलांडता, बसचा नंबर कोणाला विचारता, काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं. आवाज चढला होता, एक भाजीवाली टोपली घेऊन थांबून ऐकायला लागली. बाबा म्हणाले, "म्हटलंय, तुका कळला तर वही काढून घेशीत." आणि मग मला रडू फुटलं. त्यांच्या डोळ्यांसाठी नाही, तो मोतीबिंदू असणार हे माझ्या लक्षात आलं होतं आणि त्याला आजकाल कोणी घाबरत नाही. रडू फुटलं ते याचं, की दोन वर्षं दर आठवड्याला मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते आणि मला कळलं नव्हतं. चहा बशीच्या बाहेर सांडायचा तो मी नुसता पुसत होते.

भाजीवालीने मला पाणी दिलं आणि बाबांना दम भरला, "आजोबा, पोरीला रडवता?"

घरी येताना टॅक्सीत मी विचारलं, सदतिसावी रिकामी कशी कळली. तेव्हा मात्र त्यांचा आवाज परत नंबर टेकरचा झाला. भरलेली टाकी सांध्यावरून जाताना नुसती दबून हुंकारते, रिकामी घणघणते, आणि कठड्याला हात लावला की हाडापर्यंत फरक कळतो. "रिकामा भांडा जास्त वाजता, शाळेत शिकवूक नाय तुका?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं ते सांगितलं. नंबरांचा रकाना मी लाल पेनाने आडवा मारला. बाकीचं ठेवायचं की नाही ते यादी आल्यावर ठरवू, असं ते म्हणाले. चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी 'मानलं' म्हटलं नाही.

बाबा ऑपरेशनला तयार होईनात. यार्डातल्या कोणाचा तरी डोळा पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये गेला होता म्हणे. "आता जितक्या दिसता तितक्या तरी दिसता, तां पण गेला तर?" डॉक्टरांनी परळच्या दवाखान्यात तपासून स्पष्ट सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर काम अवघड होईल. बाबा खाली बघत बसले. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि मी लहानपणापासून त्यांना कशालाही घाबरताना बघितलं नव्हतं. मी समजावलं, रागावले, मुलीला पुढे केलं, शेजारच्या काकूंना आणलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग यादी आली. मी ती बाबांच्या मोजणीशी ताडून बघितली. दोन आठवड्यांच्या सगळ्या गाड्या जुळल्या. टाक्या जुळल्या. भरलेल्या-रिकाम्या जुळल्या. आणि त्या शेवटच्या दुपारची गाडी: पन्नास टाक्या, सदतिसावी गळतीमुळे रिकामी करून जोडलेली. मी डोळ्यांनी भरलेली धरली होती. सात लाख युनिटांचा फरक एकट्या माझ्या नजरेचा.

मी वही आणि यादी घेऊन लालबागला गेले. प्रत्येक गाडी मोठ्याने वाचून दाखवली, तुमची इतकी, त्यांची इतकी. बाबा ऐकत होते. सदतिसावी आली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, "वही तुमचीच आहे. कोणी काढून घेणार नाही. दिसो न दिसो, पुढची मोजणी पण तुम्हीच करायची. साहेबांनी सांगितलंय." आणि खरंच सांगितलं होतं.

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आधी खंयचो डोळो करतले?"

उजवा केला. अर्ध्या तासात झालं. यार्डातल्या त्या माणसाला त्यांनी त्यानंतर दोन दिवस शिव्या घातल्या, कारण त्याच्यापायी दोन वर्षं फुकट गेली. मग डॉक्टरांनी हिंडायची परवानगी दिली त्या सकाळी मी रजा टाकली. बाबांना विचारलं, कुठे जायचं, चौपाटी, देऊळ? त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी घडीची खुर्ची उचलली.

काळा चष्मा लावून ते पुलावर बसले. पण बसले कसले, गाडी दिसताच उठून कठड्याशी गेले. पहिली टाकी, दुसरी, तिसरी. ओठ हलत होते. मधूनच ते मोठ्याने नंबर वाचायचे, अख्खे अकरा आकडे, आणि साल आलं की, "अगो, ही नवी! ही तर मी रिटायर झाल्यानंतरची!" टाक्यांवर रंगवलेली अक्षरं, गंजाचे डाग, शेवटच्या डब्यात हात बाहेर काढून उभा असलेला गार्ड, सगळं त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं, जसं काही मलाच दिसत नव्हतं. गार्डाने हात हलवला. बाबांनी दोन्ही हात हलवले.

गाडी वळणाआड गेली. मी पेन उघडून तयार होते. "किती झाल्या, बाबा?"

ते अजून रुळांकडेच बघत होते. "मोजूक नाय गो," ते म्हणाले. "बघत होतंय."